बोटीवरची एकविसावी संकष्टी

आमच्या लेकीनं टोरांटोहून कॅरिबियनची सफर केली आणि फोटो पाठवले, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. निळंशार पाणी, इमारतीएवढी पांढरी बोट आणि जावईबापूंच्या डोक्यावर झोपडीचं छप्पर काढून ठेवावं तशी गवताची टोपी. फोन खाली ठेवायच्या आत मी जाहीर केलं, "आपणही जायचं."

सुधा, म्हणजे आमची ही, मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं कुवेतात फहाहीलच्या बाजारात चला म्हटलं तर तुमचा गुडघा दुखतो. कॅरिबियन म्हणे."

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, इट्स टू फार फॉर यू गाईज." यू गाईज! ज्या माणसानं तरुणपणी औशाहून लातूरला पंक्चर झालेली सायकल मारत, मागं गव्हाचं पोतं आणि पुढं मावशी बसवून, एसटीला मागं टाकलं, त्याला लांब काय आणि जवळ काय? पण नकाशा उघडला आणि मलाही दम लागला. कुवेतहून कॅरिबियन म्हणजे निम्मी पृथ्वी ओलांडायची, आणि पलीकडं पोचल्यावर झोपायचं कधी आणि गोळ्या घ्यायच्या कधी याचा मेळ लागायच्या आत परत फिरायचं.

तेव्हा ऑफिसातल्या एका पोरानं सांगितलं, "काका, थंडीत सौदीतल्या दम्मामहून बोट सुटते. गाडी घेऊन जायचं." मी उडालोच. म्हणजे अबू हलीफातल्या आमच्या बिल्डिंगखालून आपल्या गाडीत बसायचं आणि बोटीपाशी उतरायचं! मी शुऐबा बंदरात एका कंपनीचे हिशेब बघतो. खिडकीतून रोज जहाजं दिसतात, पण ती सगळी तेलाची. तिथं माणसाला कुणी विचारत नाही. ज्याच्या गावी पाणी टँकरनं यायचं आणि पोहायला शिकायचं तर आधी पावसाची वाट बघावी लागायची, त्या माणसाला समुद्रावर झोपायला मिळणार, यापुढं कॅरिबियन ते काय?

फेब्रुवारीच्या सुट्ट्या धरून मी बुकिंग करून टाकलं: दम्माम, दोहा, दुबई आणि परत. ऑफिसात सगळ्यांना सांगूनही झालं. सांगता सांगता बोट दर खेपेला एकेक मजला वाढत गेली, तो भाग वेगळा. आणि मग सुधानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं.

"अहो, दोहा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी आपण कुठं असतो?"

"भर समुद्रात. का गं?"

"संकष्टी आहे त्या दिवशी."

मी खाली बसलो. का बसलो ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली. मी ती गॅस म्हणून उडवून लावली, पण डॉक्टरांनी ती गॅस म्हणून घेतली नाही आणि एका नळीत जाळीची नळी बसवली. आत माझी दुरुस्ती चालू असताना सुधानं बाहेरच्या बाकड्यावर बसून गणपतीशी बोलणं केलं: एकवीस संकष्ट्या, कडक, दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा चहा, चंद्र उगवल्यावर अर्घ्य, मोदक आणि मग जेवण. वीस झाल्या होत्या. पण मध्यंतरी तिची स्वतःची साखर वरखाली व्हायला लागली. विसाव्या संकष्टीला ओट्यापाशी चक्कर येऊन ती माझ्या अंगावर पडली. आमच्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी हात जोडले: "नो मोर, अम्मा." सुधानं त्यांना शब्द दिला, "एकवीस पुऱ्या होऊ द्या. मग सोडते."

"आणि एखादी मोडली तर?" मी विचारलं होतं.

"तर परत पहिल्यापासून."

म्हणजे बघा. माझ्या काळजापायी बायको अजून एकवीस महिने उपाशी राहणार आणि मी तिच्या मागं ग्लुकोजची पुडी घेऊन फिरणार. त्यामुळं या प्रवासात मला दोहा दिसलं नसतं, दुबई दिसली नसती तरी चाललं असतं. त्या एका रात्री चंद्र तेवढा दिसायला हवा होता.

दम्मामची वाट

कुवेतच्या दक्षिणेला नुवैसीबची सरहद्द ओलांडली की खफजी, आणि खफजीपासून पुढं वाळू. वाळूचं मी काय वर्णन करू? एवढी सरळ वाट मी जन्मात पाहिली नाही. एका ठिकाणी मी स्टिअरिंग सोडून डब्यातली दशमी खाल्ली, हात पुसले, चष्मा पुसला, आणि गाडी आपल्या लेनमध्येच होती. (सुधा म्हणते गाडी तेव्हा पेट्रोलपंपावर उभी होती. तिचं तिच्यापाशी.)

सरहद्दीवर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं मागची डिकी उघडायला लावली. स्टीलचा मोठा डबा पाहून त्यानं भुवया उचलल्या. सुधानं झाकण काढलं. आत तळलेले मोदक, ओळीनं बसलेले. आमच्याकडं कणकेचे तळतात, आठ दिवस टिकतात.

"हलवा," सुधा म्हणाली. वीस-बावीस वर्षांत बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणि खुब्जची रोटी आणायला पुरेल एवढं अरबी तिला येतं.

"आत काय?"

"खोबरं. साखर. घ्या ना."

त्यानं छातीवर हात ठेवून मान तुकवली. इकडं 'नको'ची ही फार सुंदर रीत आहे. आमच्याकडं 'नको' म्हटलं की वाढणारा दोन जास्त टाकतो. इथं हात छातीशी गेला की विषय संपला. मात्र जाता जाता त्यानं मला विचारलं, "इतके सगळे तू एकटा खाणार?" आणि माझ्या पोटाकडं बघून उत्तर स्वतःच घेतलं.

सरहद्दीनं सोडलेले मोदक बोटीनं अडवले. सामान यंत्रातून जाताना एका फिलिपिनो बाईंनी डबा बाजूला काढला. घरी शिजवलेलं बोटीवर चालत नाही म्हणे. मी पुढं सरसावलो.

"मॅडम, हे माझ्या हृदयाचं औषध आहे."

"सर, हे तळलेलं आहे."

"आयुर्वेदिक तळण आहे."

बाई हसल्या, डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि परत येताना घेऊन जा म्हणाल्या.  जिना चढताना सुधानं तीनदा मागं वळून त्या डब्याकडं बघितलं. आमची लेक टोरांटोला गेली तेव्हा दोनदाच बघितलं होतं.

बोट

बोट केवढी म्हणाल, तर पुढच्या टोकाला सकाळ झाली की मागच्या टोकाला निरोप पाठवावा लागत असेल. लिफ्टमध्ये शिरल्यावर कुठल्या मजल्याचं बटण दाबायचं हे आठवेपर्यंत तीन कुटुंबं बदलली. आमची खोली मात्र अशी की एकानं शर्ट घालायचा असेल तर दुसऱ्यानं बाल्कनीत जायचं. न्हाणीघरात साबण खाली पडला तर तो उचलायला बाहेर येऊन, वळून, परत आत जावं लागे.

बुफेबद्दल मात्र मी काही वाढवून सांगणार नाही, कारण तिथं वाढवायला जागाच नाही. कबसा, बिर्याणी, इटालियन, चिनी, सगळं. एका कोपऱ्यात बांबूच्या चाळण्यांतून वाफ काढत पातळ पारीचे चिनी डिमसम बसलेले. मी पहिल्या फेरीला ताट घेऊन निघालो आणि परत येईपर्यंत सुधाचा चहा पिऊन झाला होता.

प्रवासी बहुतेक सौदी कुटुंबं. आजोबा, आजी, सुना, नातवंडं, त्यांच्या मदतनीस बाया, अख्खा वाडा उचलून बोटीवर ठेवल्यासारखा. पेयांच्या काउंटरवर उंच खुर्च्यांवर बसून लोक झोकात डाळिंबाचा रस पीत होते. दारूबंदीच्या कुवेतहून गेलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही, पण रंगीत ग्लासात छत्री खोचलेली बघून मीही एक घेतला आणि उगाचच थोडा झोकांड्या खात परत आलो. सुधानं ओळख दाखवली नाही.

जेवणाच्या टेबलावर आमच्या शेजारी अबू फहद आणि उम्म फहद, म्हणजे कुणा फहदचे बाबा आणि आई, बसायचे. हुफूफचे, खजुराच्या बागांचे लोक. अबू फहद आयुष्यभर तेलाच्या कंपनीत होते, त्यामुळं इंग्रजी व्यवस्थित. उम्म फहदना इंग्रजीची गरजच नव्हती. त्यांनी पहिल्या भेटीतच सुधाच्या हातात खजुराचा डबा ठेवला, तिची पाटली फिरवून बघितली, माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि दोघी हसत सुटल्या. काय विचारलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि मग निसार. आमच्या टेबलावर वाढणारा, चाळिशीचा, दापोलीजवळच्या किनाऱ्यावरचा. मी सुधाला मराठीत "वरण कुठं मिळतंय का बघतो" म्हणालो आणि तो हातातला जग घेऊन जागीच थांबला.

"तुमी मराठी? अल्ला, मग मघापासून माझ्याशी हिंदी कशाला मारताव?"

तिथून पुढं आम्हाला बोटीवर घर मिळालं. तो सुधाला चाची म्हणू लागला, मला चाचा. दुसऱ्याच जेवणाला सुधानं त्याला डब्याची कहाणी सांगितली.

"मोदक?" निसारचे डोळे मोठे झाले. "अवो, लहानपणी गणपतीत आमी सगळी पोरं शेजारच्या जोशींकडं पडून असायचो. उकडीचे ना?"

"नाही. तळणीचे. टिकतात म्हणून."

"तळलेल्याला मोदक म्हणताव? चाची, त्याला आमी करंजी म्हणतो. उभी राहिलेली."

सुधाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मराठवाड्याच्या मोदकाला आजवर तोंडावर कुणी नाव ठेवलं नव्हतं. "तुमच्या त्या उकडीच्याला दुसऱ्या दिवशी कुत्रं विचारत नाही," ती म्हणाली.

"दुसऱ्या दिवसापर्यंत उरतोच कशाला?" निसार म्हणाला, आणि जाताना वाकून हळूच, "संकष्टीचं माज्यावर सोडा. डिमसमवाला आपला दोस्त आहे. तांदळाचं पीठ आहे, नारळ आहे, वाफ आहे. आणखी काय लागतं?"

दोहा

दोह्याला बाजारात फिरलो. कुवेतच्या मुबारकिया बाजारात जशी खजूर, मसाले, अत्तरांची गर्दी, तशीच, पण इस्त्री केलेली. मुबारकियात दुकानदार "तआल, तआल", म्हणजे "या, या" करून हाताला धरतो. इथं तो लांबूनच मान हलवतो. ससाण्यांची वेगळी गल्ली आहे. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ससाणे ओळीनं बसलेले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. त्यांचा दवाखानाही शेजारीच. एका माणसानं मला सांगितलं की ससाण्याला पासपोर्ट असतो, तो विमानात मालकाशेजारी बसतो. हे मी सुधाला सांगितलं.

"तुमचं आपलं काहीतरीच."

"अगं, खरंच! त्यानं दाखवला मला. फोटोसकट."

"आणि सही?"

"पंजाची."

फोटो आणि पंजा ही माझी भर, पण पासपोर्ट खरा, हे मी वाचकांना शपथेवर सांगतो. सुधाला मात्र शपथेवर सांगूनही उपयोग झाला नाही. या बाईनं माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलीत की मी घड्याळात बघून वेळ सांगितली तरी ती भिंतीकडं बघते.

परत येताना तिनं मला आठवण करून दिली, "उद्या."

"माहीत आहे."

"आकाश बघितलंत?"

बघितलं होतं. पश्चिमेला आकाशाची कड दुधात बुडवल्यासारखी झाली होती.

धुकं

सकाळी जागा झालो तर बाल्कनीच्या काचेबाहेर काहीच नव्हतं. समुद्र नाही, आकाश नाही, बाल्कनीचा कठडासुद्धा अंदाजानं. कुणीतरी रात्रीतून आमची बोट कापसाच्या गाठीत बांधून ठेवली होती. बोटीचा भोंगा थोड्या थोड्या वेळानं म्हशीसारखा हंबरत होता.

"दुपारपर्यंत उडेल," मी म्हणालो.

दुपारी ते आणखी घट्ट झालं.

सुधा शांत होती. आंघोळ करून तिनं फोनमधल्या गणपतीच्या फोटोला हात जोडले. बोटीत काडी ओढता येत नाही, म्हणून कुवेतच्या मराठी मंडळाच्या दिवाळीतून मिळालेली बॅटरीची पणती लावली. मग जेवणघरात माझ्यासमोर बसून, मी जेवत असताना, बिनसाखरेचा चहा घेत राहिली. तो घास कसा उतरायचा सांगा. मी दोनच वेळा वाढून घेतलं.

उम्म फहदनी तिच्यापुढं खजूर सरकवले. सुधानं छातीवर हात ठेवला. त्यांनी परत सरकवले. मग मी माझ्या बाजारी अरबीत सांगितलं, "सियाम." रोजा.

उम्म फहदचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी डबा झाकला आणि सुधाचा हात हातात घेतला. संध्याकाळी मगरिबची वेळ झाल्याबरोबर त्या लगबगीनं डबा घेऊन आल्या: झालं, सूर्य बुडाला, आता खा! सुधानं मान हलवली आणि वर बोट केलं.

"चंद्र," मी अबू फहदना सांगितलं. "आमचा उपास चंद्र बघून सुटतो."

त्यांनी बायकोला सांगितलं. उम्म फहद छताकडं बघून काहीतरी बोलल्या.

"ती म्हणते," अबू फहद म्हणाले, "आमचं सोपं आहे. सूर्य काही लपून बसत नाही."

रात्र पडली. वरच्या डेकच्या दाराशी, मोठ्या काचेजवळ, सुधा खुर्चीत बसली होती. मांडीवर पाण्याची वाटी, शेजारच्या खुर्च्यांवर अबू फहद आणि उम्म फहद. तिच्या ओठांवर पांढरी कड आली होती आणि हाताची बोटं गार लागत होती. मी म्हणालो, "इंटरनेट घेऊ, मंडळाच्या ग्रुपवर चंद्रोदयाची वेळ आली असेल, तेवढ्यावर सोड."

"ती कुवेतची वेळ. आपण कुवेतला आहोत का?"

"मग कॅलेंडरातली?"

"ती मुंबईची. चालत्या बोटीचा चंद्रोदय कुठं छापून येतो?"

निसार दोनदा येऊन गेला. मोदक तयार होते. डिमसमवाल्याला त्यानं कळ्या पाडायला शिकवलं होतं, एकवीस झाले होते, वाफेवर ठेवले होते. "चाची, फार वेळ ठेवले तर उकड फाटंल," तो म्हणाला, आणि सुधाच्या तोंडाकडं बघून परत फिरला.

मी डेकवर गेलो. ओलं, निसरडं, माणूस नाही. कठड्याला धरून उभा राहिलो आणि तेवढ्यात धुक्यात, पूर्वेलाच म्हणा ना, एक नारिंगी गोळा उजळला. गोल. मोठा. मी काय समजायचं ते समजलो. समुद्रातली तेलाची विहीर, तिच्यावर जळणारा गॅस. पण म्हटलं, धुकं आहे, बाई भुकेली आहे, देव दयाळू आहे.

मी दार ढकलून आत डोकं घातलं, "सुधा! उगवला! परातीएवढा!"

ती उठली, काचेशी आली. उम्म फहदनी टाळ्या वाजवल्या. सुधानं वाटी उचलली, डोळे बारीक केले आणि वाटी तशीच धरून उभी राहिली.

"अहो, चंद्र लपलपतो का?"

"धुक्यात लपलपतो."

"शुऐबाला जळते तसली ज्योत आहे ती. तसल्या उजेडात वीस वर्षं बाल्कनीत तुमचे पायजमे वाळत घातलेत मी. मला शिकवताय?"

ती परत जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त डोळे मिटले. मी खिशातली ग्लुकोजची पुडी चाचपली.

अबू फहद सगळं बघत होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बहिणीला सांग," ते मला म्हणाले, "आमच्याकडं रमजानचा चंद्र प्रत्येकाला दिसावा लागत नाही. एका भरवशाच्या माणसानं बघितला आणि येऊन सांगितलं, तरी सगळ्यांना लागू होतो."

मी भाषांतर केलं. सुधानं डोळे उघडले. विचार केला. तिला ते पटलेलं दिसलं.

"चालेल," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "पण भरवशाचा माणूस कुठून आणायचा?"

अबू फहद माझ्याबरोबर बाहेर आले. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. त्यांनी मला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. बागेतल्या उंच खजुरावर चढून त्यांचा भाऊ चंद्र शोधायचा आणि खालून सगळं गाव ओरडायचं. मीही एक गोष्ट सांगितली, ती इथं सांगत नाही, तिच्यात बिबट्या आहे. मग त्यांचा रात्रीचा नमाज व्हायचा होता, गुडघेही कुरकुरायला लागले. ते खाली गेले.

मी एकटा. वारा बदलला. तोंडावर येणारं दव जरा पातळ झालं, भोंगा हंबरला, आणि समोर, पाण्यापासून हातभर वर, धुक्याला भोक पडलं.

चंद्र होता.

मी मागं वळून हाक मारली, दार लांब, काच जाड. पुन्हा समोर बघितलं तोवर भोक बुजलं होतं. मी थांबलो. नाही उघडलं ते परत. धावत आत आलो. धावलो म्हणजे खरंच धावलो, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि आतली नळी काय म्हणते आहे तिकडं लक्ष दिलं नाही.

"दिसला," मी म्हणालो.

सुधा खुर्चीतून उठली नाही. उम्म फहदनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नमाज आटोपून परतलेले अबू फहदसुद्धा बुटाकडं बघत होते.

"खरंच दिसला, सुधा. आत्ता. मी एकट्यानं बघितला."

"केवढा होता?"

"एवढासा." मी बोटांनी दाखवलं. "ते बाजारात वाळवलेलं काळं लिंबू मिळतं ना, मच्छीच्या रश्शात घालतात? तेवढा. तसाच मळका."

"गोल होता?"

"नाही. वरच्या अंगानं चेपलेला होता."

"चकाकत होता?"

"नाही गं. काही नाही. बघावंसं वाटावं असं काहीच नव्हतं त्याच्यात. दिसला आणि गेला."

सुधा माझ्याकडं बघत राहिली. माझ्या आयुष्यात एवढा वेळ तिनं माझ्याकडं लग्नाच्या अंतरपाटानंतरही बघितलं नव्हतं. मग ती वाटी घेऊन उठली.

"थाप असती," ती म्हणाली, "तर चांदीची असती."

मी दार धरलं. तिनं डेकवर जाऊन धुक्याला अर्घ्य दिलं. निसार ताट घेऊन उभाच होता. मोदकांच्या कळ्या थोड्या चिनी वळणाच्या झाल्या होत्या, दोन फाटले होते. सुधानं पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "उकडीला मीठ नाही लावलंत."

"चाची, जीव घेताव काय आता!"

पाच खाल्ले तिनं. साखर मोजली, सगळं ठीक होतं. उम्म फहदनी दोन खाल्ले, अबू फहदनी किती ते मी बघितलं नाही, कारण माझं तोंड भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं. बाल्कनीत चहा घेऊन बसलो होतो. ऊन आलेलं, आणि पश्चिमेला, पाण्याच्या वर, फिकट पांढरा चंद्र अजून होता. सगळ्या बोटीला दिसावा असा. सुधानं त्याला नमस्कार केला आणि हात जोडलेलेच राहिले.

"अहो."

"काय?"

"हा तर खालनं चेपलेला आहे."

मी बघितलं. खालनंच चेपलेला होता.  आता तुम्हाला सांगतो, वाचकहो, हे खरं आहे: चतुर्थीचा चंद्र उगवतो तेव्हा वरनं चेपलेला असतो आणि सकाळी मावळायला जातो तेव्हा खालनं. रात्रभरात तो आकाशातून पलीकडं उतरतो, त्यामुळं वरची बाजू खाली जाते. कुणीही बघून खात्री करून घ्यावी. पण हे सकाळी सकाळी, माझ्या तोंडून, माझ्या बायकोला सांगायचं!

"तो रात्रीतून उलटा होतो," मी म्हणालो.

"चंद्र."

"हो."

"रात्रीतून उलटा होतो."

"देवाशपथ होतो."

सुधानं माझ्याकडं बघितलं, चंद्राकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.  'परत पहिल्यापासून' हे शब्द मला तिच्या ओठांवर येताना दिसले. मग ती उठली, पदर खोचला आणि दाराकडं निघाली.

"कुठं चाललीस?"

"नाश्त्याला. एकवीस झाल्या माझ्या. तुम्ही बघा बसून उलटा होतोय का. मला भूक लागलीय."